चौथ्या वळणाची राखण

शनिवार, २७ डिसेंबर

हितेशशी आज बोलणं झालं. त्याने मान्य केलं की रस्त्यावर ऐंशीच्या वर जायचं नाही. बदल्यात एकाआड एक रविवारी मी त्याला ट्रॅकवर न्यायचं. त्याची एक अट आहे. मीही माझी गाडी चालवायची.

"तू कडेला उभी राहून सूचना देणार असशील तर नको, ताई. ते तू घरीपण करतेस."

नोव्हेंबरात वडखळच्या पुढे त्याची गाडी दुभाजकाला घासत गेली. बाबांना टायर फुटल्याचं सांगितलं आहे. टायर फुटला नव्हता, मी तो पाहिला आहे. वेग जास्त होता, एवढंच. त्यानंतरही तो रात्रीचा बाहेर पडतच होता. आई नाही, बाबा ट्रकांच्या धंद्यामागे. तेवीस वर्षांच्या मुलाला कोंडून ठेवता येत नाही. जिथे सगळे एकाच दिशेने जातात, समोरून डंपर येत नाही आणि रुग्णवाहिका तयार उभी असते, अशी जागा मात्र देता येते.

मी तळोज्याला एका कंपनीत ब्रेकची चाचणी घेते. ब्रेक यंत्रावर तापवत न्यायचे आणि कुठे दगा देतात ते पाहायचं. त्यामुळे वेगाचं मला आकर्षण नाही. थांबण्याबद्दल बरंच ठाऊक आहे.

ट्रॅक नवा आहे, पेणच्या खाली खाडीकाठी. जागा आमच्याच गावच्या मिठागरांची. त्यात आमचाही हिस्सा होता. मी आठ वर्षांची असताना सगळ्या गावाने मिळून ती विकली आणि आम्ही पनवेलला आलो. मध्ये बरीच वर्षं नुसता भराव पडून होता. आता त्यावर डांबर आहे. मला त्यात विशेष काही वाटत नाही.

शुक्रवार, २ जानेवारी

दोन्ही गाड्या तयार. ब्रेक ऑइल बदललं. जुनं ऑइल हवेतलं पाणी धरतं, तापलं की त्यात बुडबुडे होतात आणि पेडल तळाला जातं. चाकांचे नट मापाने आवळले. डिकी रिकामी केली, कारण सुटी वस्तू वळणावर इकडून तिकडे आदळते. पायाखालचं मॅट काढलं, ते सरकून पेडलमागे अडकतं. हितेशच्या सीटखाली वडापावचे कागद निघाले. किती जुने ते विचारलं नाही.

तो दिवसभर माझ्यामागे पाने-पक्कड घेऊन फिरत होता. तक्रार नाही, शिट्टी वाजवत होता.

रविवार, ४ जानेवारी

पहिला दिवस. सविस्तर लिहिते.

ट्रॅक धनेश चालवतो. चाळिशीचा, गळ्यात शिट्टी, बोलणं भराभर. सुरुवातीला सगळ्यांना पत्र्याच्या शेडमध्ये बसवून त्याने झेंडे समजावले. "लाल म्हणजे सेशन बंद, हळूहळू आत यायचं. पिवळा म्हणजे पुढे लफडा आहे. हळू, आणि ओव्हरटेक नाही. पिवळ्यावर हिरो बनायचं नाही. मराठीत समजलं नसेल तर हिंदीत सांगतो. हिंदीतपण नाही समजलं तर घरी जा."

बाकीचे नियमही ठीक होते. ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यावर, तेही पुढच्याने हाताने वाट दिली तर. ब्रेक वळणाआधी, सरळ रेषेत. पहिली फेरी आणि शेवटची फेरी सावकाश. शेवटची तर ब्रेक न लावता, म्हणजे ते थंड होतात. आत आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, तापलेले पॅड चिकटतात. चाक डांबराबाहेर गेलंच तर स्टिअरिंग झटकून परत वळवायचं नाही. "सरळ मातीत जा आणि थांबा. माती स्वस्त आहे," धनेश म्हणाला.

सकाळचं सेशन साधं गेलं. मी वेग पाहिलाच नाही, फक्त वळणांवरची रेघ नीट ठेवली. हितेश दुसऱ्याच फेरीत मला ओलांडून गेला, मी हात दाखवल्यावर. नियम पाळला.

दुपारचं सेशन सव्वाबाराला. चौथं वळण उजवीकडे आहे. त्याच्या डाव्या अंगाला, बाहेरच्या बाजूला, जुना बांध तसाच ठेवला आहे, आणि बांधापलीकडे खाडी. तिसऱ्या फेरीत तिथे मार्शल, म्हणजे झेंडा दाखवणारा माणूस, दिसला, हात वर केलेला, हातात पिवळं. मी वेग कमी केला आणि मागच्यांना सावध करायला हात वर केला. वळणावर काहीच नव्हतं. पुढच्या फेरीत पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या फेरीतही. मागचा पांढऱ्या गाडीवाला दिवे मारत होता.

मार्शलबद्दल माझे आक्षेप असे. नारिंगी जाकीट नव्हतं. डोक्याला फडकं गुंडाळलं होतं, हेल्मेट नव्हतं. पोटऱ्यांपर्यंत काळे गमबूट होते, त्यांनी पळता येत नाही. वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभा होता, म्हणजे गाडी सुटली तर थेट त्याच्यावर. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे त्याची ट्रॅककडे पाठ होती. तो खाडीकडे बघत होता.

सेशननंतर हे धनेशला सांगितलं. तो ऐकून घेत होता, मग म्हणाला, "चारला माणूसच नाही, मॅडम."

"का नाही?"

"इथली पोरं चारवर उभी राहत नाहीत. जास्त देतो म्हटलं तरी नाही. बाकीच्या पोस्टवरून चार दिसतं, चालून जातं."

"मग मी कोणाला पाहिलं?"

"खारफुटी आहे ना तिकडे. दुपारचं ऊन आहे. पहिल्यांदा आलात." तो माझ्याशी सौजन्याने बोलत होता, हे मला आवडलं नाही.

हितेश हसला. "तू उगाच हळू झालीस. तो पांढऱ्या गाडीवाला अनीश आहे, अलिबागचा. शिव्या घालत होता तुला. चारवर कोणी नसतं गं. मी तर तिथे जास्तीत जास्त खेचतो, मस्त वळण आहे."

परत येताना तो पनवेलपर्यंत सत्तरने आला. मी मागेच होते.

शुक्रवार, ९ जानेवारी

रविवारपासून पाचही रात्री हितेश घरी झोपला. म्हणजे योजना योग्य आहे.

मार्शलचा विचार केला. तापलेल्या डांबरावर हवा हलते आणि आकार लांबट दिसतात. हेल्मेटची काच जुनी आहे, बदलली. जानेवारीच्या उन्हात डांबर तेवढं तापतं का, याची खात्री नाही.

रविवार, १८ जानेवारी

हितेश सुखरूप आहे. हे आधी लिहिते.

आज गाडीत कॅमेरा लावला होता, आरशाखाली. काय आहे आणि काय नाही, ते एकदाचं ठरावं म्हणून.

दुपारच्या सेशनला तो मार्शल पहिल्याच फेरीत दिसला. त्याच जागी, तसाच पाठमोरा, हात वर. मी वेग कमी केला. हितेश माझ्या मागे होता, मी त्याला मुद्दाम वाट दिली नव्हती. त्याच्यामागे अनीश. अनीशला घाई होती, म्हणून पुढच्या फेरीत सरळ पट्ट्यावर मी त्याला हात दाखवला. तो आम्हा दोघांना ओलांडून पूर्ण वेगाने चारमध्ये शिरला आणि गाडीचं मागचं अंग सुटलं. दोन गिरक्या घेऊन ती बांधावर नाक टेकवून थांबली.

तो माणूस त्या नाकापासून दोन हातांवर होता. हलला नाही. वळूनही पाहिलं नाही.

लाल झेंडा झाला. अनीशला काही लागलं नाही. गाडीचं तोंड गेलं. तो बाहेर येऊन आधी मलाच म्हणाला, "तुम्हाला कसं कळलं?" मी म्हटलं, "झेंडा होता." "कुठे?" त्याने विचारलं.

धनेशबरोबर चालत चारवर गेले. बांधावर कोणी नव्हतं. वळणाच्या आतल्या कडेला डांबरावर ओलीचा पट्टा होता, हातभर रुंद. पंधरा दिवसांत पाऊस नाही, ढगही नाही. मी बोट लावून चाखलं. खारट.

"टँकरने मारलं असेल, धूळ बसायला," धनेश म्हणाला.

"टँकरचं पाणी खारट असतं?"

"मॅडम, तुम्ही ना चष्मा लावून जन्माला आलात." मग हळू आवाजात, "भराव बसतोय असं म्हणा. कंपनीला कळवतो."

माझ्या मागे होता म्हणून हितेश हळू होता. पुढे असता तर अनीशच्या जागी तो असता. परतताना हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मी नीट वळवली असती." त्याच्या आवाजात मला नोव्हेंबर ऐकू आला.

सोमवार, १९ जानेवारी

चित्रण पाहिलं. बांध रिकामा आहे. प्रत्येक फेरीत रिकामा, उन्हात स्पष्ट, एकेक दगड मोजता येईल असा. म्हणजे माझ्या डोळ्यांचा किंवा डोक्याचा प्रश्न आहे, हे मी मान्य करते.

पण दुसरी एक गोष्ट आहे. चारच्या आधी, ब्रेक लागायच्या थोडं आधी, आवाज येतो. इंजिनखाली दबलेला. हेडफोन लावून ऐकला. हेल्मेटमधून येतो आहे. घरातून कोणी हाक मारल्यावर अंगणातून ओ द्यावी तसा.

"आले, आले."

प्रत्येक फेरीत. आवाज माझा आहे. गाडी चालवताना बोलायची मला सवय नाही, आणि असं काही बोलल्याचं आठवत नाही.

चित्रण पुसून टाकलं. मग वाटलं, पुसायला नको होतं. मी चाचणीची नोंद कधी पुसत नाही.

रविवार, २५ जानेवारी

गावी गेले. गोदूआत्या, बाबांची थोरली बहीण, अजून तिथेच राहते. जमीन गेली तरी ती हलली नाही. अंगणात बोंबील सुकत घातले होते, ती काठी घेऊन कावळे हाकत बसली होती.

"तू त्या ट्रॅकाव जातंस म्हनं. पोराला पन नेतंस."

"हो. तिथे एका वळणावर ओल येते. खाली पूर्वी काय होतं, ते विचारायला आले."

मी कागदावर ट्रॅक काढून दाखवला. तिने कागद उलटा धरला, मग सुलटा केला, आणि बोट नेमकं चारवर ठेवलं. "उघाडी."

उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. त्यातून खाडीचं पाणी आगरात, म्हणजे मिठागरात, घेतात आणि अडवतात. हे मला ठाऊक होतं. पुढचं नव्हतं.

"उधानाची राखन असं तिथं," ती म्हणाली. "अवसेला, पुनवेला. दर घरातला एक मानूस. आज याचं घर, मंग त्याचं. उघाडीव उभं रहाचं, पानी बघाचं. पानी चढलं का हात वर कराचा, म्हंजे आगरातली मानसं सावध. पुढल्या घरचा मानूस येऊन तिथं पाय ठेवल तवर हलाचं नाय."

"भरती ओसरली तरी?"

"ओसरली का नाय ते उभं असल त्याला कलतं. कागदाव नाय कलत." तिने माझा कागद परत दिला.

जमीन विकली त्या दिवसाबद्दल मी विचारलं नव्हतं. तीच बोलली. "सगले गेले सही कराला. तीन टेम्पो. बाया नव्या लुगड्यांनी. कोनाच्या ध्यानात नाय का आज उधान हाय. बापूची पाली व्हती, माझ्या चुलत्याची. सकाली गेला, डोक्याला फडकं, हातात पिवला पंचा. त्याच्यामागं आपल्या घराची पाली. आपल्या घरचं कोन गेलं? कोन नाय. तुझ्या बापानं पेढे आनले. मी पन खाल्ले दोन."

"मग?"

"मंग काय. सांजच्याला गेलो तं बांधाव कोन नाय. उघाडीची एक फली निघालेली. खाडीनं पार धरमतरपरत शोधला, गावला नाय." तिने कावळ्यावर काठी उगारली. "दुसऱ्या दिवशी कंपनीच्या लोकांनी मशीनी आनल्या. राखन संपली, म्हनले. कशी संपल? त्याला कोन सांगाला गेला का, का तू आता ये म्हनून?"

मी कागदाची घडी घातली. निघताना तिने बोंबील बांधून दिले.

निष्कर्ष असा. वळणाखाली जुनी उघाडी आहे, तिची एक फळी नाही, मोठ्या भरतीला पाणी भरावातून वर झिरपतं. ट्रॅकचे रविवार एकाआड एक आहेत, आणि यंदा ते नेमके अवस-पुनवेला धरून येतात. त्या दिवसांत भरती भर दुपारी असते. म्हणून दुपारचंच सेशन. सगळं जुळतं.

त्या माणसाचंही असं सांगता येईल. डांबराचा गडद रंग माझ्या नजरेने टिपला, धोका ओळखला, आणि डोक्याने त्याला माणसाचा आकार दिला. पंचा पिवळा होता हे मला आजच कळलं आणि त्याच्या हातातलं पिवळं मी चार तारखेलाच पाहिलं होतं, ही एक अडचण उरते.

बुधवार, २८ जानेवारी

धनेशला फोन केला. दुपारचं सेशन रद्द करा, रविवारी पौर्णिमा आहे, वळण ओलं होणार. तो म्हणाला, पुण्याहून माणसं येणार आहेत, कंपनीचा इंजिनिअर बघून गेला, ठीक आहे म्हणाला. निदान चारवर मार्शल द्या, म्हटलं. "द्या म्हणजे कुठून देऊ? आणून द्या तुम्ही."

हितेशला सांगितलं, दुपारी गाडी काढू नकोस. तो जेवत होता. "सगळे जाणार आणि मी शेडमध्ये बसणार? मग कशाला न्यायचं, ताई? राहू दे ना. आपलं ठरलेलंच मोडू." हे त्याने शांतपणे सांगितलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. रात्री अकराला गाडीची चावी खुंटीवर होती, पण त्याने ती दोनदा उतरवून परत लावल्याचं मी ऐकलं.

म्हणजे त्याला रोखता येत नाही आणि ट्रॅक सोडताही येत नाही. उरतं ते चौथं वळण. तिथे खराखुरा झेंडा हवा. जो सगळ्यांना दिसेल असा.

शुक्रवार, ३० जानेवारी

धनेश तयार झाला. रविवारी मी गाडी चालवणार नाही. चारवर उभी राहीन. हितेशला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे शेवटी तू कडेला उभी राहून सूचना देणारच." पण हसून म्हणाला. मला बरं वाटलं. गेले काही दिवस नीट झोप नव्हती, आज दुपारीच डोळा लागला.

रविवार, १ फेब्रुवारी

फोनवर लिहिते आहे, मधल्या वेळात. घरी वहीत उतरवीन.

सकाळी ८.००. धनेशने जाकीट, शिट्टी, वॉकीटॉकी आणि पिवळा झेंडा दिला. गाडी आली तर झेंडा टाकून बांधामागे उडी मारायची, शूरपणा नाही, असं तीनदा बजावलं. शेडमध्ये सोनाबाई पोहे देत होत्या. ट्रॅकचं जेवण त्याच बघतात, गावातल्या आहेत. जाकीट बघून थांबल्या.

"कुठली पोस्ट?"

"चार."

"तुमचं घर कोनाचं?"

"चांगदेवची मुलगी."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मंग बरोबर हाय," म्हणाल्या आणि पोह्यांवर आणखी एक डाव वाढला.

१०.५०. सकाळचं सेशन निर्वेध. बांधावर उभं राहायला एक सपाट जागा आहे, दोन पावलं मावतील एवढी, गवत न उगवलेली. बाकी सगळीकडे पाय घसरतो. तिथेच उभी आहे. इथून वळण दिसतं आणि खाडीही. कोणी नाही. साहजिक आहे.

१२.५५. दुपारचं सेशन झालं. अपेक्षेप्रमाणे बाराच्या पुढे डांबराच्या आतल्या कडेला गडद रेघ उमटली आणि रुंद होत गेली. मी पहिल्या फेरीपासून झेंडा वर ठेवला. सगळे हळू झाले, पुण्याचेसुद्धा. हितेशही. प्रत्येक फेरीत त्याने मला पाहून हात उचलला. एकदाही चाक बाहेर नाही. शेवटची फेरी ब्रेक न लावता, सांगितलं तशी.

एक नोंद. मधेच पाच नंबरच्या पोस्टवरच्या मुलाने वॉकीटॉकीवर विचारलं, "ताई, तुमच्या बाजूला कोन उभं हाय?"

"कोणी नाही."

"बरं." दोनतीन फेऱ्यांनी पुन्हा, "गेलं बघा ते. बांधानं, गावाकडं."

मी दोन्हीकडे पाहिलं. गावाकडची बाजू खारफुटीमुळे इथून दिसत नाही. चिखलाचा वास मात्र एकदम जास्त आला, कोणी जवळून गेल्यासारखा.

१.५०. सगळे जेवायला गेले. मीही निघाले होते. चार पावलं जाऊन परत आले, कारण पाणी अजून चढतं आहे. तक्त्यात भरती साडेबाराची आहे. तक्ता मुंबईचा, खाडीत आत पाणी उशिरा पोचतं, हे धरलं तरी इतका उशीर समजत नाही. बांधाच्या खालच्या दगडांची रांग बुडाली. वरची बुडते आहे. आवाज नाही.

२.१५. धनेशचा आवाज वॉकीटॉकीवर. "मॅडम, या की. सोनाबाईंनी ताट झाकून ठेवलंय."

"पाणी उतरलं की येते."

"कुठलं पाणी? खाडी कधीच रिकामी झाली. इथून नुसता चिखल दिसतोय."

"इथून तसं दिसत नाही."

"ऊन लागलंय तुम्हाला. सावलीला या."

ऊन लागलेलं नाही. नाडी मोजली, नेहमीपेक्षा कमीच आहे. बूट ओले आहेत, पोटऱ्यांपर्यंत चिखल आला आहे. मी कुठेही उतरले नव्हते.

२.४०. हितेशचा फोन. "ताई, पाहिलंस ना? एकदाही बाहेर गेलो नाही. धनेश म्हणतो, आजचा सगळ्यात नीट चालवणारा मी."

"पाहिलं. छान चालवलीस."

"मग ये ना. काय करतेस तिथे?"

"तू जेवलास?"

"कधीच."

"मग जरा इथे ये. मी जेवून येते, तोवर उभा राहा. गाडी आणू नकोस. बांधाने चालत ये."

एरवी त्याने चार प्रश्न विचारले असते. थट्टा केली असती. "बरं," म्हणाला, "आलोच."

फोन ठेवल्यावर त्याला बोलवायला नको होतं असं वाटून गेलं. कारण शोधलं, सापडलं नाही. दुपारनंतर चारवर गाड्या नाहीत, धोका नाही. इथे माणूस हवा, आणि माझ्यामागे आमच्या घरात तोच आहे.

२.५५. तो दिसला. पलीकडच्या टोकाला बांधावर चढला आहे. चपला काढून हातात घेतल्या आहेत. दोन्ही बाजूंनी पाणी आहे, पण तो पाण्याकडे बघत नाही, ट्रॅककडे बघत नाही, सरळ माझ्याकडे येतो आहे. मी त्या जागेवरून थोडी बाजूला झाले आहे.

इतकं सावकाश चालताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.